नागपुरात बसून समुद्र वाचायचा कसा: दाबाच्या नकाशावरून लाटेची उंची

नागपूरपासून सरळ रेषेत मुंबई सुमारे सातशे किलोमीटर, पुरी जवळपास तेवढीच, विशाखापट्टणम त्याहून थोडं अलीकडे. समुद्र दोन्ही बाजूंना सारखाच लांब. तरी गणपतीपुळ्याची खोली असो, मडगावचं रेल्वेचं तिकीट असो की पुरीची यात्रा, 'समुद्र कसा असेल' हा प्रश्न निघण्याआधी इथेच सोडवावा लागतो. बहुतेक जण तो पावसाचा अंदाज बघून सोडवतात. पण कोरड्या ठणठणीत दिवशी समुद्र खवळलेला असू शकतो आणि धो धो पावसात लाटा कमरेएवढ्याच असू शकतात. लाट वाऱ्याने उठते आणि वारा हवेच्या दाबातल्या फरकाने सुटतो. तो फरक नकाशावर मोजता येतो, आणि त्यातून लाटेची उंची मीटरमध्ये काढता येते.

साहित्य फार नाही. पट्टी, पेन्सिल, वर्गमूळ काढणारा मोबाइल आणि हवामान खात्याचे समुद्रसपाटीच्या दाबाचे नकाशे. एक नकाशा पुरत नाही. बारा-बारा तासांच्या अंतराने काढलेले लागोपाठचे चार घ्या. कारण पुढे कळेल.

दाब लाट उचलत नाही

दाब कमी झाला की पाणी वर येतं हे खरं, पण किती? एका हेक्टापास्कलला साधारण एक सेंटिमीटर. (हे दाब मोजायचं एकक. जुनी मंडळी मिलिबार म्हणतात. एकक तेच, आकडाही तोच.) चक्रीवादळाच्या मध्याशी दाब भोवतालपेक्षा ३० हेक्टापास्कलने उतरला, तर त्या जागी समुद्र जेमतेम ३० सेंटिमीटर फुगतो. आठ-दहा मीटरच्या लाटा त्यातून येत नाहीत.

त्यामुळे नकाशावर 'दाब किती' हे बघून काही हाती लागत नाही. दोन ठिकाणी १००२ आहे आणि मधे दाबाच्या रेषाच नाहीत, तर वारा नाही. एकीकडे १०१२, तीनशे किलोमीटरवर १००८, तर वारा जोरात. घाटातून जाताना आपण समुद्रसपाटीपासून किती उंच आहोत यापेक्षा उतार किती तीव्र आहे याची काळजी गाडी चालवणाऱ्याला असते, तसंच हे.

दुसरा गोंधळ बातम्यांतून येतो. जून लागला की 'उद्या साडेचार मीटरच्या लाटा' असा मथळा मुंबईकडून हमखास दिसतो. तो आकडा भरतीचा असतो, म्हणजे भरतीचं पाणी ठरावीक तळरेषेपासून किती वर येणार याचा. चंद्र-सूर्याच्या गणितावरून तो वर्षभर आधीच छापून ठेवता येतो, आणि दाबाशी त्याचा संबंध नाही. लाटेची उंची ही शिखर आणि दरी यांमधली. साडेचार मीटरची भरती अगदी शांत समुद्रालाही येते.

नागपूरचा बॅरोमीटर आधी सरळ करून घ्या

बऱ्याच मोबाइलमध्ये दाबमापक असतो. सोनेगावच्या परिसरात तो उघडला तर पावसाळ्यात ९६५ ते ९७० आणि थंडीत ९८०च्या आसपास आकडा दिसतो. कोकणात १००५ असताना इथे ९७० बघून 'विदर्भावर केवढं मोठं कमी दाबाचं क्षेत्र आलं!' असं वाटून घेऊ नका. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीने दाब ३४ ते ३६ हेक्टापास्कल कमी भरतो. वाचनात ३५ मिळवा, मग नकाशाशी तुलना करा.

आणखी एक खोड आहे. आपल्या अक्षांशांवर दाब दिवसातून दोनदा आपोआप चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. हा झोका तीन-चार हेक्टापास्कलचा असतो. सकाळी दहाला १००४ आणि दुपारी चारला १००० दिसलं, म्हणून काही येऊ घातलेलं नाही. आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करायची. चोवीस तासांत २ किंवा जास्त उतरला तरच नोंद घ्यावी.

पावसाळ्यात वाऱ्याची दिशाही बघा. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की उत्तर गोलार्धात कमी दाब डाव्या हाताला असतो. नागपुरात जुलैत वारा एरवी पश्चिमेचा, म्हणजे मॉन्सूनची द्रोणी, कमी दाबाचा लांबट पट्टा, उत्तरेला. तो पूर्वेचा झाला तर कमी दाब तुमच्या दक्षिणेला उतरलाय, आणि जोराच्या पश्चिमी वाऱ्याचा पट्टाही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याकडे सरकलाय. घराच्या गच्चीवरून कोकणच्या समुद्राबद्दल एवढं तरी कळतं.

पायरी १: रेषांमधलं अंतर

समदाब रेषा म्हणजे सारखा दाब असलेली ठिकाणं जोडणारी रेषा. आपल्याकडच्या नकाशांवर त्या दोन-दोन हेक्टापास्कलने काढतात. परदेशी नकाशांवर, विशेषतः दक्षिण हिंदी महासागराच्या, बहुधा चार-चारने. हे आधी तपासा, नाहीतर पुढचं सगळं उत्तर दुपटीने चुकतं.

तुम्हाला हव्या असलेल्या समुद्रावर दोन शेजारच्या रेषांमधलं अंतर काटकोनात मोजा. रेषा तिरकी आणि पट्टी आडवी असं झालं की अंतर जास्त येतं आणि वारा कमी निघतो. नवशिक्याची ही हमखास चूक. किलोमीटर काढायला नकाशाच्या कडेचे अक्षांश वापरा: एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर. रेखांशांवरून मोजू नका, ती अंतरं उत्तरेकडे आकसत जातात.

पायरी २: अंतरावरून वारा

कोकणच्या अक्षांशासाठी, म्हणजे सुमारे १७ अंश उत्तरेला आणि दोन हेक्टापास्कलच्या रेषांसाठी, सोपा नियम असा: २८५० या आकड्याला रेषांमधल्या किलोमीटरनी भागा. येईल तो समुद्रपृष्ठावरचा वारा, मीटर प्रति सेकंदात. रेषा ४०० किलोमीटरवर असतील तर वारा ७, ३०० वर साडेनऊ, २०० वर १४. ताशी किलोमीटर हवे असतील तर ३.६ने गुणा.

हा २८५० आला कुठून? दाबाचा उतार हवेला कमी दाबाकडे ढकलतो, पृथ्वीचं फिरणं तिला उजवीकडे वळवतं, आणि दोन्ही तोडीस तोड झाले की वारा रेषांना समांतर वाहू लागतो. समुद्राच्या घर्षणाने त्यातला सुमारे ७० टक्के वेगच पृष्ठावर उरतो, आणि वारा रेषेवरून पंधरा-वीस अंश कमी दाबाकडे झुकतो. हे सगळं त्या एका आकड्यात बसवलंय. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम विषुववृत्ताकडे कमी होत जातो, म्हणून तोच उतार केरळजवळ कोकणपेक्षा जास्त वारा देतो. विषुववृत्ताच्या पाच-सात अंशांत तर हा हिशेब लावूच नये. उलट ५० अंश दक्षिणेला चार हेक्टापास्कलच्या रेषांसाठी २०००ला अंतराने भागा. तिथे रेषा खूप दाट दिसतात, पण दिसतात तेवढा वारा नसतो.

रेषा गोल वळलेल्या असतील, म्हणजे कमी दाबाच्या क्षेत्राच्या जवळ, तर उत्तरातून दहा ते वीस टक्के कमी करा. चक्रीवादळाच्या मध्याजवळ हा नियम मोडतो. तिथे हवामान खात्याने जाहीर केलेला वेगच घ्यावा. नकाशावरून पटकन प्रतवारी करायची तर बंद वर्तुळं मोजा: दोन हेक्टापास्कलच्या अंतराने एक वर्तुळ असेल तर साधं कमी दाबाचं क्षेत्र, दोन असतील तर डिप्रेशन, तीन असतील तर डीप डिप्रेशन, चार किंवा जास्त असतील तर चक्रीवादळ. वाऱ्यात डिप्रेशन म्हणजे ताशी ३१ ते ४९ किलोमीटर आणि चक्रीवादळ ६२ पासून पुढे.

पायरी ३: वाऱ्याची धाव

वारा एकाच दिशेने मोकळ्या पाण्यावर किती अंतर वाहतोय, ती त्याची धाव. इंग्रजीत फेच म्हणतात, नकाशांवरही तोच शब्द दिसेल. नागपूरकरांना हे समजायला अंबाझरी पुरेशी आहे. वाऱ्याच्या दिवशी तलावाच्या दोन काठांवर जाऊन या. वारा ज्या काठाकडून येतो तिथे पाण्यावर नुसती शहारी असते, आणि समोरच्या काठावर थपाथप लाटा. वारा दोन्हीकडे तोच. फरक फक्त मधल्या पाण्याचा. एक किलोमीटर पाण्यावर १० मीटर प्रति सेकंदाचा वारा सुमारे १६ सेंटिमीटरची लाट उठवतो. तोच वारा अरबी समुद्रावर शंभर किलोमीटर वाहिला तर १.६ मीटर.

सूत्र असं: लाटेची उंची मीटरमध्ये = ०.०१६ × वारा × धावेच्या किलोमीटरांचं वर्गमूळ.

धाव मोजताना रेषा जवळपास सरळ आहेत तेवढाच भाग घ्या. रेषा तीस अंशांहून जास्त वळल्या, किंवा त्या फाकून वारा अडीच मीटर प्रति सेकंदाने उतरला, की धाव तिथे संपली. जमीन आडवी आली तरी संपली.

पायरी ४: किती वेळ

चार नकाशे इथे कामाला येतात. वारा सुटताक्षणी लाट पुरी वाढत नाही. १५ मीटर प्रति सेकंदाचा वारा सहा तास वाहिला तर साधारण २ मीटर, बारा तास वाहिला तर ३.३ मीटर. आणि एका हद्दीपुढे वाढ थांबते, कारण वारा देतो तेवढीच ऊर्जा लाटा फुटण्यात खर्च होऊ लागते. ही हद्द काढायला वाऱ्याचा वर्ग ०.०२४५ने गुणा. तीन आकडे पाठच करून ठेवावेत असे आहेत. १० च्या वाऱ्याची पुरी वाढलेली लाट अडीच मीटर, त्यासाठी २३० किलोमीटर धाव आणि पंधरा-सोळा तास लागतात. १५ च्या वाऱ्याला साडेपाच मीटर, ५१५ किलोमीटर, २३ तास. २० च्या वाऱ्याला पावणेदहा मीटर, पण ९२० किलोमीटर आणि ३१ तास. वारा दुप्पट झाला की लाट चौपट होते, पण धावही चौपट लागते.

म्हणून उंचीचे तीन आकडे काढायचे: धावेवरून, वेळेवरून आणि हद्दीवरून. तिन्हींत जो सर्वांत लहान, तोच खरा. ज्यांचे अंदाज कायम जास्त येतात त्यांनी बहुधा ही पायरी गाळलेली असते. चोवीस तासांत झरझर सरकून गेलेलं खोल कमी दाबाचं क्षेत्र भयंकर दिसतं, पण एकाच पाण्यावर सहा-आठ तासच वारा देतं. त्यापेक्षा दोन दिवस जागेवर बसलेलं मध्यम क्षेत्र मोठी लाट उठवतं. याला एकच मोठा अपवाद आहे. वादळ लाटांच्याच दिशेने, लाटांच्याच वेगाने सरकत असेल तर लाटा त्याच्या वाऱ्याखालून निसटतच नाहीत आणि धाव कागदावरच्यापेक्षा कितीतरी लांबते.

आलेली उंची ही सरासरी मोठ्या लाटेची आहे, म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. हवामानाच्या सगळ्या अंदाजांत हीच देतात. काही तास उभं राहिलात तर अधूनमधून तिच्या पावणेदोन ते दुप्पट उंचीची लाट येणारच. खडकावर उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांना नेते ती ही.

एक पावसाळी उदाहरण

समुद्रसपाटीला आणलेला दाब तिरुवनंतपुरमला १००९ आणि मुंबईला १००१ आहे असं धरा. उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ११५० किलोमीटर, फरक ८, म्हणजे दोन हेक्टापास्कलला साधारण २८८ किलोमीटर. २८५० भागिले २८८, वारा १० मीटर प्रति सेकंद. मॉन्सूनमध्ये अरबी समुद्रावर धावेची आणि वेळेची ददात नसते, वारा दिवसचे दिवस वाहतो. त्यामुळे हद्दीचा आकडाच लागू: अडीच मीटर.

आता बंगालच्या उपसागरातलं डिप्रेशन ओडिशा-छत्तीसगड ओलांडून विदर्भाकडे आलं. नागपुरात दाब उतरला, नाग नदी फुगली, आणि मुंबईचा दाब ९९९ झाला. फरक १०, अंतर २३०, वारा १२.४, लाट ३.८ मीटर. अवघ्या दोन हेक्टापास्कलनी लाट दीडपट झाली. नागपुरात मुसळधार पाऊस पडतो तेव्हा कोकणचा समुद्र का पिसाळतो, ते इथे दिसतं. डिप्रेशन सातशे किलोमीटरवर असलं तरी उतार किनाऱ्यावर वाढतो. याउलट द्रोणी हिमालयाच्या पायथ्याला गेली की मध्य भारतात दाब वाढतो, विदर्भात उकाडा आणि कोरड, आणि कोकणात लाटा उतरतात.

तिरुवनंतपुरम-मुंबई ही जमिनीवरची मोजपट्टी आहे, कामचलाऊ. नकाशावर समुद्रातल्या रेषा मिळत असतील तर त्याच मोजा.

या सगळ्या मांडणीचं दुसरं टोक विषुववृत्तापलीकडे आहे. मादागास्करच्या पूर्वेला, सुमारे ३० अंश दक्षिणेला, मास्करीन बेटांच्या नावाने ओळखला जाणारा उच्च दाबाचा डोंगर असतो. जुलैत त्याचा माथा १०२४च्या आसपास. इकडे पाकिस्तान-राजस्थानवरचा उष्णतेचा कमी दाब ९९५च्या आगेमागे. नवतपात नागपूर ४५-४६ अंशांवर भाजतं, ते याच तापण्याचं एक टोक. या दोघांमधल्या फरकातून सोमालियाच्या किनाऱ्याजवळून जोराचा वाऱ्याचा झोत निघतो आणि अरबी समुद्रभर पसरतो. मास्करीनचा उच्च दाब चढला की आठवड्याभरात कोकणच्या लाटांवर त्याची खूण दिसू शकते, म्हणून नकाशा बघताना खाली दक्षिणेपर्यंत बघायचा.

दुरून आलेली लाट

स्वेल म्हणजे जिथे वारा होता तिथून निघून गेलेली, लांब, गुळगुळीत लाट. हिच्याबाबत फसायला सर्वांत जास्त होतं, कारण किनाऱ्यावर ना वारा ना ढग.

हिचं वेळापत्रक मात्र अचूक मांडता येतं. लाटेचा काळ, म्हणजे एक शिखर गेल्यापासून दुसरं येईपर्यंतचे सेकंद, २.८ने गुणा. लाटांचा ताफा ताशी तेवढे किलोमीटर सरकतो. १६ सेकंदांची लाट ताशी ४५, दिवसाला १०८०. २० सेकंदांची ताशी ५६, दिवसाला साडेतेराशेच्या आसपास. मुळात काळ किती असेल? पुरी वाढ झालेली असेल तर वाऱ्याच्या तीन चतुर्थांश: २२ मीटर प्रति सेकंदाच्या वाऱ्याला सुमारे १६ सेकंद.

उदाहरण घ्या. दक्षिण महासागरात ४५-५० अंशांवर एक कमी दाबाचं क्षेत्र मुख्य पश्चिमी प्रवाहापासून तुटून दोन-तीन दिवस जागेवर अडकलं. त्याच्या पश्चिम अंगाला चार हेक्टापास्कलच्या रेषा ९० किलोमीटरवर, आणि दिशा थेट उत्तरेकडे. वारा २२, धाव ९०० किलोमीटर: ०.०१६ × २२ × ३०, म्हणजे साडेदहा मीटर. तिथून कोकण सुमारे ७००० किलोमीटर. १६ सेकंदांच्या लाटा साडेसहा दिवसांनी पोचतील, २० सेकंदांच्या पाच दिवस आणि काही तासांनी. वाटेत पसरत पसरत साडेदहा मीटरच्या एक-दीड मीटर उरतात. नागपूरहून निघायच्या आठवडाभर आधी दक्षिण महासागराचा नकाशा बघायचा तो यासाठी.

सर्वांत लांब लाटा आधी पोचतात आणि त्या बुटक्या असतात, ३०-४० सेंटिमीटरच्या. ही पूर्वसूचना. समुद्र शांत दिसत असताना दर अठरा-वीस सेकंदांनी पाणी आळसावल्यासारखं वाळूवर वर वर चढतंय, असं दिसलं तर मोजायला लागा. मोठी लाट दिवसाभरात मागून येते आहे.

किनाऱ्यावर उंची का वाढते, तेही गणितात बसतं. खोल समुद्रात १ मीटरची, ७ सेकंदांची लाट फुटताना सुमारे १.३ मीटर होते. तीच १ मीटर पण १६ सेकंदांची असेल तर १.९. पहिलीची लांबी ७६ मीटर, दुसरीची ४०० मीटर. दुसरीत पाणी किती असतं याचा अंदाज या लांबीवरून करा. अॅपवर 'लाट १ मीटर' एवढंच वाचून थांबू नये, शेजारी सेकंद किती आहेत ते बघावं. १२ च्या पुढे असतील तर पोहणं विसरा.

केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. एप्रिल-मे हा त्याचा मुख्य हंगाम, म्हणजे नेमकी आपली उन्हाळी सुट्टी. ३१ मार्च २०२४ रोजी केरळच्या किनाऱ्यावर असंच पाणी घरांत शिरलं होतं. कोकणला हा मार केरळ-लक्षद्वीपपेक्षा कमी बसतो, कारण महाराष्ट्रासमोरचा उथळ तळ रुंद आहे आणि लाटा त्यावर वळत, खरडत येतात. पण बसतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था याचे इशारे देते. तुमचं गणित झालं की तिच्या अंदाजाशी ताडून बघा, आणि तफावत पडली तर इशारा तिचा माना.

एवढ्या दूरच्या प्रवासावर कोणाचा विश्वास बसत नसेल तर १९६३चा प्रयोग सांगण्यासारखा आहे. वॉल्टर मंक आणि सहकाऱ्यांनी दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटांचा माग प्रशांत महासागर पार करून अलास्कापर्यंत काढला होता. लाटा न विझता पोचल्या.

चक्रीवादळ लांब असताना

जून २०२३ मधलं बिपरजॉय कोकणपासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला होतं, आणि अखेर गुजरातेत जखाऊजवळ धडकलं. तरी कोकणात लाटा चढल्या, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांची पळापळ झाली. 'वादळ आपल्याकडे येत नाही' या बातमीवर लोक निर्धास्त होते. वादळाचा मार्ग आणि लाटांचा मार्ग वेगळे असतात. वादळ वळतं, लाट सरळ येते. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या उजव्या अंगाला वारा आणि सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, म्हणून लाटा तिथे सर्वांत मोठ्या. अरबी समुद्रातून उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाचं उजवं अंग म्हणजे आपला किनारा.

हिवाळा

डिसेंबर ते फेब्रुवारीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. उतार मंद, लाटा बहुधा मीटरच्या आत, सकाळी आरसा आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याने अर्धा-पाऊण मीटर जास्त. फक्त अरबस्तानावर उच्च दाब चढून इराणी आखातात शमाल वारा सुटला, तर वायव्येकडून सात-आठ सेकंदांच्या लाटा अडीच-तीन दिवसांनी रत्नागिरीला पोचतात. स्थानिक वारा नसताना वायव्येची लाट दिसली तर कारण हेच.

महिन्यांच्या पातळीवरचे झोके

आजवर बघितलं ते दिवसांचं गणित. दाबाची मोठी केंद्रं महिनोन्महिने एका बाजूला झुकलेलीही राहतात, आणि मग पूर्ण हंगामच खवळलेला किंवा निवांत जातो. या झोक्यांची पहिली पद्धतशीर मांडणी करणारे गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख होते. ते शोधत होते मॉन्सूनचा अंदाज, हाती लागले जगभरचे दाबाचे झोके.

उत्तर अटलांटिकमध्ये अझोर्सचा उच्च दाब आणि आइसलँडचा कमी दाब यांतला फरक वाढला की पश्चिमी वारे तीव्र होतात आणि आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या हिवाळी लाटा उंचावतात. फरक घटला की वादळांचा मार्ग दक्षिणेला उतरतो. प्रशांत महासागरात ताहिती आणि डार्विन यांच्या दाबातला फरक एल निनोच्या काळात उलटतो. १९८२-८३, १९९७-९८ आणि २०१५-१६ च्या हिवाळ्यांत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांनी त्याचा तडाखा सोसला. आपल्याला यातलं सर्वांत जवळचं तिसरं: अंटार्क्टिकाभोवतीचा दाब आणि मध्य अक्षांशांचा दाब यांच्यातला झोका. तो धन बाजूला असला, म्हणजे अंटार्क्टिकाभोवती दाब कमी आणि मध्य अक्षांशांवर जास्त असला, की दक्षिण महासागरातले पश्चिमी वारे जोर धरतात आणि हिंदी महासागरात येणारी स्वेल वाढते. हे निर्देशांक हंगामाचा कल सांगतात. अमुक शनिवारी तारकर्लीला लाट किती, हे त्यांतून काढायला जाऊ नका.

वही ठेवा

प्रत्येक अंदाजाला सहा रकाने: रेषांमधलं अंतर, वारा, धाव, तास, काढलेली उंची, आणि नंतर इन्कॉइसच्या तरंगमापक बोयाने दाखवलेली उंची. पंधरा-वीस नोंदींनंतर चुकीला आकार दिसतो. तुमचा आकडा कायम जास्त येत असेल तर आधी तासांचा रकाना तपासा, मग रेषांचं वळण. बोया किनाऱ्यालगत उथळ पाण्यात असेल तर तळाच्या घर्षणानेही उंची थोडी कमी भरते, तो दोष तुमचा नाही. आकडा कायम कमी येत असेल तर बहुधा स्वेल धरायची राहिली. ती मिळवताना सरळ बेरीज करू नका. दीड मीटरची स्वेल आणि दोन मीटरची स्थानिक लाट मिळून साडेतीन होत नाहीत. दोघींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा: २.२५ अधिक ४, म्हणजे ६.२५, आणि उत्तर अडीच मीटर.